घोड्याच्या केसांचं निशाण

1502च्या सुमाराची गोष्ट. विशीच्या उंबरठ्यावरचा बाबर ताश्कंदच्या मामाबरोबर मोहिमेवर निघाला होता. हा मामा, महमूद खान, चंगेझखानाच्या वंशातला. कूच करण्याआधी जे घडलं ते बाबराने आत्मचरित्रात टिपून ठेवलं आहे. खान घोड्यावरून उतरला. त्याच्यासमोर नऊ निशाणं रोवली होती. एका मोगलाने, म्हणजे मंगोलाने, गायीच्या मांडीच्या हाडाला पांढऱ्या कापडाची लांब पट्टी बांधली आणि तिचं दुसरं टोक हातात धरलं. आणखी तीन पट्ट्या निशाणांच्या काठ्यांना, केसांच्या झुपक्याखाली बांधल्या गेल्या. त्यांच्या टोकांवर खान, त्याचा मुलगा आणि बाबर असे तिघे उभे राहिले. तो मोगल निशाणांकडे पाहत आपल्या भाषेत काही बोलला. मग खानाने आणि भोवतालच्यांनी निशाणांवर घोडीचं आंबवलेलं दूध शिंपडलं. नगारे आणि कर्णे एकदम वाजले, फौजेने तीनदा आरोळी दिली.

दूध शिंपडलं, इथे माझं मन थबकतं. निशाणाला नैवेद्य! पण मंगोलांचं निशाण मुळात कापडाचं नव्हतंच. त्याला ते ‘तुग’ म्हणतात. उंच काठी, टोकाला भाल्याचं पातं, त्याखाली गोल तबकडी आणि तिच्या कडेने लोंबणारे घोड्याचे केस. आपल्याकडे देवापुढे ढाळतात ती चवरी डोळ्यांसमोर आणली, की त्याचं रूप थोडंफार कळतं. पांढऱ्या घोड्यांच्या केसांचा तुग शांततेचा, काळ्या केसांचा युद्धाचा. त्यात वसणाऱ्या शक्तीला ‘सुल्द’ म्हणतात. ही शक्ती माणसाची, घराण्याची, सैन्याची राखण करते अशी श्रद्धा. म्हणून तुगाला खाऊपिऊ घालायचं.

‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात असं दूध शिंपडणं बाबराच्या तीनशे वर्षं आधी येतं. 1204मध्ये नाइमान टोळीवर चालून जाताना तेमुजिनाने, म्हणजे पुढच्या चंगेझखानाने, आधी तुगाची पूजा केली. त्या वेळचं गवताळ मैदान म्हणजे टोळ्यांचं रणांगण होतं. तातारांनी तेमुजिनाच्या बापाला विष घातलं होतं, मेर्किदांनी बायको पळवली होती. केराइतांचा तोगरुल खान आधी पाठीराखा होता, पुढे वैरी झाला. जमुखा तर शपथेचा भाऊ, तोही उलटला. रक्ताच्या आणि शपथेच्या नात्यांनी एवढा दगा दिल्यावर माणूस राज्य कशावर उभारणार?

1206मध्ये ओनोन नदीच्या उगमाशी मेळावा भरला, नऊ पायांचा पांढरा तुग उभा राहिला आणि तेमुजिन चंगेझखान झाला. लगोलग त्याने 95 हजारी सरदार नेमले. टोळ्या फोडून माणसं दहा, शंभर, हजार अशा तुकड्यांत मिसळली. कालचे मेर्किद आणि केराइत आता एकाच हजारीत. माझ्या मते त्या दिवसाचा खरा अर्थ पदवीपेक्षा या सरमिसळीत आहे. ज्यांचं कूळ एक नव्हतं, त्यांना काठीवरचे केस एकत्र बांधत होते. राज्याला राजधानी नव्हती. तुग रोवला की तिथे राज्य, उपटला की राज्य चालू लागे.

चंगेझच्या काळ्या तुगाची, म्हणजे काळ्या सुल्दची, पूजा चीनमधल्या ऑर्डोस भागात दार्खाद घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. जपानी आक्रमणाच्या भीतीने 1939मध्ये तिथले चंगेझचे अवशेष हलवावे लागले, ते 1954मध्ये परतले.

आजच्या मंगोलियाच्या कापडी झेंड्यावर मात्र सोयोंबो आहे. लामा आणि मूर्तिकार झनाबझार याने 1686मध्ये रचलेल्या लिपीतलं हे चिन्ह. नाव आपल्या ‘स्वयंभू’ शब्दावरून आलेलं, म्हणून मराठी वाचकाला ते परकं वाटू नये. वर तीन जिभांची ज्वाला, खाली सूर्य आणि चंद्र, मधोमध दोन मासे. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो जागरूकतेची खूण. दोन्ही बाजूंचे खांब म्हणजे भिंतीपेक्षा भक्कम मैत्री. मधला निळा पट्टा शाश्वत आकाशाचा. समाजवादी काळात सोयोंबोच्या वर तारा बसवला होता. 1992मध्ये तो उतरवला.

त्याच दशकात नऊ पांढरे तुगही नव्याने घडवले गेले. एरवी ते उलानबातरच्या शासकीय प्रासादात असतात. दर 11 जुलैला, नादाम उत्सवाच्या दिवशी, घोडेस्वार ते मैदानात नेतात. भर उन्हात नऊ काठ्या रोवल्या जातात आणि पांढरे केस वाऱ्यावर हलू लागतात.