कॅम्परची दुरुस्ती छतापासून

अमेरिकेत १९६० आणि ७०च्या दशकांत पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारे जे कॅम्पर निघाले, त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. असा कॅम्पर घरी दुरुस्त करायचा तर आतला रंग आणि गाद्या यांच्या आधी छताचे सांधे पाहायला हवेत, कारण पाणी तिथून लाकडात शिरतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर त्याला कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे पन्नास-साठ वर्षांचं लाकूडही कोरडं असेल तर ठणठणीत राहतं. खिडकीखालचं प्लायवूड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, ती फळी गेलेली असते.

सांध्यांवर बाहेरून सिलिकॉन मारलं की झालं, असं कुणी म्हणेल. पण तापमान ४० अंशांनी वाढलं की तीन मीटरचा ॲल्युमिनियम पत्रा जवळपास पावणेतीन मिलिमीटर लांबतो, खालचं लाकूड त्या मानाने फारच कमी. सांधा असा सतत हलत राहिला की वरचा थर सुटतो, आणि जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. कडेच्या पट्टीखाली दाबलेली ब्युटाइल टेप मात्र वर्षानुवर्षं मऊ राहते. पत्रा उतरवणं कष्टाचं आहे, हे खरंच. तरीही आधी पत्रा उतरवा, कुजलेल्या पट्ट्या बदला, सांधे नीट बसवा; रंगाचा डबा त्यानंतरच आणा.