शंभरांच्या रणांगणात नवा गडी

गेल्या पावसाळ्यात नववीतील चार जिवलग मित्र मधल्या सुट्टीत एकमेकांशी बोलेनासे झाले. चौकशी करता कळले की, आदल्या संध्याकाळी चौघे मिळून मोबाईलवर ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ खेळत होते. ऐन मोक्याच्या क्षणी एकाच्या आईने गुरे बांधावयास हाक मारली. तो फोन ठेवून उठला आणि उरलेले तिघे मारले गेले. भांडण मिटवावयाचे तर खेळ समजणे भाग होते, म्हणून मी तो त्यांच्याकडूनच शिकलो. नव्याने खेळू पाहणाऱ्यांस आणि त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल तेवढे येथे सांगतो.

‘पबजी’चाच हा भारतीय अवतार. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाच्या कल्पनेतून मूळ खेळ २०१७ साली संगणकावर आणि २०१८ साली मोबाईलवर आला. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी मोबाईलवरील पबजीवर बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला. जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात त्यात पुन्हा खंड पडला होता.

शंभर गडी विमानातून हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात. ‘एरँगेल’ नावाचे प्रसिद्ध बेट आठ किलोमीटर लांब व तितकेच रुंद आहे. उतरताना हात रिकामे असतात. शस्त्रे, शिरस्त्राण, औषधे हे सारे घराघरांतून वेचावयाचे. (स्वयंपाकघरातला तवा पाठीस अडकविला तर त्यावर गोळी अडते, हे ऐकून माझ्या घरी बराच हशा झाला.) नकाशावर एक सुरक्षित वर्तुळ असते व ते टप्प्याटप्प्याने आक्रसत जाते, बाहेर राहिलेल्याची शक्ती घटत जाते. अखेरीस जो संघ उरेल तो विजयी.

येथेच नवखा चुकतो. जास्त मारील तो जिंकतो, असे त्याला वाटते. वस्तुतः शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. म्हणून आरंभी पोचिंकी गावात किंवा ‘शाळा’ या ठिकाणी उडी घेऊ नये. तेथे गर्दी फार. (शाळेत जाण्यासाठी मुलांची अशी झुंबड मी अन्यत्र पाहिली नाही!) काठावरची चारदोन घरे निवडावी, एकच बंदूक नीट हाताळावयास शिकावी आणि वर्तुळ सरकण्यापूर्वीच वाट धरावी. त्याही आधी प्रशिक्षणाच्या मैदानात काही दिवस सराव करावा. पहिल्या काही डावांत सहज विजय मिळाला तर हुरळून जाऊ नये. त्यांतले पुष्कळसे शत्रू माणसे नसून यंत्राने चालविलेल्या बाहुल्या असतात.

नजरेपेक्षा कान अधिक उपयोगी. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानवाटेने येणाऱ्या आपल्या मुलांस हे निराळे सांगावयास नको. पाचोळा वाजला की पाय आपोआप थबकतात. कानात ध्वनियंत्र असले की पावले डावीकडून येतात की उजवीकडून, हे कळते. मग ते सोबत्यांस सांगावे; पण कसे? नवखा ओरडतो, “तिकडे, तिकडे!” प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला असल्याने ‘तिकडे’ या शब्दास काही अर्थ उरत नाही. पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्र असते. ते पाहून “नैर्ऋत्येस, झाडामागे, एकच आहे” असे सांगावे. भूगोलाच्या तासाला दिशा पाठ केल्याचे असे चीज होते.

सोबती घायाळ होऊन पडला तर त्याला उठविता येते. त्यास दहा सेकंद लागतात. नवखा भाबडेपणाने धावतो आणि त्याच्याच शेजारी पडतो. आधी गोळी कोठून आली ते पाहावे, धुराचा गोळा टाकून आडोसा करावा, तिसऱ्यास पहाऱ्यावर ठेवावे आणि मगच जवळ जावे. नेम साधत नसला तरी जो ही कामे करतो आणि जवळच्या गोळ्या वाटून देतो, त्याला प्रत्येक संघ आनंदाने बोलावतो.

आता आपल्या तालुक्याची अडचण. बोटाने कळ दाबली तरी निकाल फोन देत नाही. ती वर्दी दूरच्या संगणकाकडे जाते आणि उत्तर परत येते. या येण्याजाण्याच्या वेळेस ‘पिंग’ म्हणतात व तो आकडा पडद्यावर दिसतो. तो दोनशे असेल तर आपण सेकंदाचा पाचवा भाग मागे असतो. तेवढ्यात समोरचा गोळी झाडून मोकळा होतो. पावसात नेटवर्क डळमळत असेल, तर डाव मांडूच नये. आपण मध्येच नाहीसे झालो की तिघांचा घात होतो.

एका डावास साधारण अर्धा तास लागतो, म्हणून घरच्यांस विचारूनच बसावे. अठरा वर्षांखालील मुलांस पालकांची संमती लागते आणि दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा आहे. परीक्षेच्या दिवसांत मला तीही फारच वाटते. पैसे देऊन मिळतात ते मुख्यतः पोशाख. त्यांनी नेम सुधारत नाही. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ ही बाब वेगळी. त्यांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.

त्या चौघांची दिलजमाई झाली आहे. आता गुरे गोठ्यात बांधून झाल्यावाचून डाव सुरू होत नाही. एखाद्या दिवशी एकजण येऊ शकला नाही, तर त्याच्या जागी मला घेतात, आणि गोळी सुटली की मी अजूनही “तिकडे, तिकडे!” असेच ओरडतो.