गुरूच्या हाती एकच मिनिट

हौशी मुष्टियुद्धाचा, म्हणजे बॉक्सिंगचा, सामना फार लांबत नाही. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. फेरी चालू असताना गुरूला नीट समजावून सांगायला सवड नसते. जे सांगायचे ते त्या एका मिनिटात. बाकी सारे आधीच शिकवून झालेले असावे लागते. पेरणीपूर्वी मशागत झाली नाही तर पुढे कितीही धावपळ करा, उपयोग होत नाही. तसेच हे आहे.

या गुरु-शिष्यांच्या नात्यावर ‘तूफान’ हा हिंदी चित्रपट १६ जुलै २०२१ रोजी ॲमेझॉन प्राईमवर आला. दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरा. मुंबईच्या डोंगरी भागात दमदाटी करून वसुली करणारा अझीझ अली (फरहान अख्तर) बॉक्सिंगकडे वळतो. त्याला घडवतात नाना प्रभू (परेश रावल). नाना मराठी गृहस्थ, शिस्तीला कडक. त्यांची पत्नी बॉम्बस्फोटात गेलेली. तेव्हापासून एका सबंध समाजाबद्दल त्यांच्या मनात अढी बसलेली. तरीही ते अझीझला विद्या देतात.

पुढे अझीझ आणि नानांची डॉक्टर मुलगी अनन्या (मृणाल ठाकूर) एकमेकांना पसंत करतात. नाना दोघांनाही दूर लोटतात. त्यांना राहायला घर मिळेना. अशा अडचणीत अझीझ पैसे घेऊन सामना हरतो, पकडला जातो आणि त्याच्यावर पाच वर्षांची बंदी येते.

चूक अझीझचीच. अडचण होती म्हणून लबाडी माफ होत नाही. पण ज्या दिवसांत त्याला वडीलधाऱ्याची गरज होती, नेमके त्याच दिवसांत गुरू राग धरून बसले होते. पुढे अनन्या चेंगराचेंगरीत दगावते, मागे लहान मुलगी राहते. त्या नातीमुळे नानांचे मन हळूहळू वितळते आणि ते पुन्हा शिष्याच्या पाठीशी उभे राहतात. चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे, मधे रेंगाळतो, शेवटही आधीच कळतो. पण शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, ही गोष्ट तो मनात ठसवतो.

वऱ्हाडाला हे नाते नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ दाखवले. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी तर बॉक्सिंगसाठीच ओळखली जाते. बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे तिथेच शिकला आणि २०१९ साली इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले.

तेव्हा उद्या आपला मुलगा किंवा मुलगी “मला बॉक्सिंग शिकायचंय” म्हणाली, तर लगेच नाही म्हणू नका आणि डोळे मिटून हो पण म्हणू नका. आधी शिकवणाऱ्याला भेटा. सरावात डोक्याला हेडगार्ड आणि तोंडात दातांचे संरक्षक असते का, ते बघा. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी झाली, तर ते सराव थांबवून डॉक्टरांकडे पाठवतात का, हे विचारा. या खेळात वजनाचे गट असतात. गटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या पोराला उपाशी, तहानलेले ठेवत असतील तर तिथून पोर परत आणा. मुलींसाठी राहण्याची व्यवस्था कशी आहे, हे आईने स्वतः जाऊन पाहावे.

आणि एक गोष्ट अवश्य पाहा. पोर हरून आले, की गुरू त्याच्याशी कसे बोलतात? जिंकलेल्याच्या पाठीवर सगळेच थाप मारतात. हरलेल्याला जवळ बसवून चूक समजावणारा भेटला, तर पोर निश्चिंत मनाने त्याच्या हाती सोपवावे.