फुकटच्या राखेपासून बोलीच्या राखेपर्यंत

परळी औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला, तेव्हा राख ही मालमत्ता नव्हती, कटकट होती. आपल्याकडच्या कोळशात शेकडा तीस-चाळीस भाग राखच असते. ती पाण्यात कालवून पाइपांतून दाऊतपूर, दादाहरी वडगावच्या तळ्याकडे सोडायची, एवढाच काय तो बंदोबस्त. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच आले, राखेचे ढीग वाढले आणि वारा सुटला की आसपासच्या गावांत घराघरांत राख शिरू लागली. पुढे याच राखेवर परळीच्या परिसरात वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, टिप्पर फिरू लागले. सरकारने लहान धंद्याला काय दिले आणि कुठे हात आखडला, हे तपासायचे असेल तर इथे योजनांची यादी वाचण्यात अर्थ नाही. राख कोणाच्या हाती कशी गेली, ते पाहावे.

लहान उद्योगाला सरकारने हात द्यायचा, हा विचार जुनाच. १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांची बाजू मांडली. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या गेल्या, ती यादी पुढे आठशेवर गेली आणि २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही मोकळ्या झाल्या. परळीच्या वीटवाल्याची अडचण निराळी होती. त्याला कच्चा माल हवा होता आणि तो सरकारच्याच ताब्यात होता.

दिल्लीने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढली, तिथून खरा बदल झाला. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीची वीट करायची तर वजनाने किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, आणि केंद्राने किमान दहा वर्षे राख फुकट द्यायची. पर्यावरणाचा नियम म्हणून आलेला हा कायदा परळीसारख्या गावासाठी उद्योगाचे धोरणच ठरला. माती विकत घ्यावी लागते, राख फुकट. हिशोब सरळ होता. सक्ती आणि सवलत एकाच कागदावर आल्या की नियम चालतो.

दहा वर्षे संपली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुरुस्ती आली. केंद्रांना राख विकायची मुभा मिळाली, मात्र तळ्यातली राख वीटवाल्यांना फुकट आणि कोरड्या राखेतला किमान २० टक्के वाटा राखेच्या विटा करणाऱ्यांना अग्रक्रमाने फुकट, अशी अट राहिली. कागद चांगला होता. पण अंमलबजावणीचा अहवाल दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाकडे जायचा वर्षातून एकदा, आणि वीटवाल्याला राख लागायची रोज. आपला वाटा आज मिळाला नाही तर कोणाच्या दारात जायचे? त्याच्या बाजूने वजन मोजणारा, अडला तर भांडणारा माणूस शासनाने नेमला नाही. राख विकणारे केंद्र राज्य सरकारच्या कंपनीचे आणि लहान उद्योगाचा पालकही राज्य सरकारच. विकणारा आणि वकील एकच असला की कोणाचे ऐकले जाते, हे सांगायला नको.

दरम्यान, पाण्याने वेगळाच धडा दिला. २००७, २०१० आणि २०१६ मध्ये २५० मेगावॅटचे तीन नवे संच आले, जुने एकेक करून निवृत्त झाले. पण २०१३ च्या आणि पुन्हा २०१५ च्या दुष्काळात गोदावरीच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते म्हणून केंद्रच बंद पडले. केंद्र थांबले की ताजी राख थांबते. राखेची वीट भाजावी लागत नाही, पण तिला दिवसचे दिवस पाणी मारावे लागते, म्हणजे दुष्काळ तिला दोन्हीकडून धरतो. त्या काळात चर्चा झाली ती मेगावॅटची.

राखेच्या वापराचे धोरण आखणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, असे २०१६ मध्ये अभिमानाने सांगितले गेले. ते खोटे नव्हते. पण सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीज केंद्रांना सल्ला दिला, की राख आधी पारदर्शक बोलीने द्या. उरली तर पहिल्या येणाऱ्याला फुकट. वर्षाखेरीस नवी अधिसूचना निघाली आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई आली. केंद्राला राख संपवायची घाई झाली, हे चांगलेच. पण बोलीत उतरायला अनामत रक्कम लागते, गाड्या लागतात. सिमेंट कंपनीकडे त्या असतात. दोन यंत्रे टाकून बसलेल्याकडे नसतात. मग तो दलालाकडून घेतो. २०२४ च्या अखेरीस परळीतल्या राखेचा बेकायदा उपसा विधिमंडळात गाजला, तो राजकारणाच्या अंगाने. चोरवाट का लागते, याचे उत्तर माझ्या मते निम्मे तरी या वाटपाच्या पद्धतीत आहे.

कर्जाच्या योजना भरपूर आल्या, २०१५ ची मुद्रा त्यांतली सर्वांना ठाऊक. पण कर्ज काढून यंत्र आणता येते, राख नाही.

राख किती निघाली आणि किती गेली, ही माहिती केंद्राला आता दरमहा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरावी लागते. तीच मराठीत, लहान घटकांचा वाटा वेगळा दाखवून, परळीच्या केंद्राच्या फाटकावर लावावी आणि त्या वाट्याची बोली वेगळी, छोट्या ढिगांची ठेवावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मंत्रालयातून निघालेले एक परिपत्रक पुरेल.