‘चार्ज’ला मराठीत काय म्हणावे?

खेड्यातल्या शिक्षकाकडे लोक कागद घेऊन येतात आणि विचारतात, “गुरुजी, या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय हो?” अशा शब्दांत ‘चार्ज’ मोठा बिलंदर. एक अर्थ सांगून मोकळे होता येत नाही.

आता पाहा. बदली झालेले हेडमास्तर नव्या हेडमास्तरांना चार्ज देतात, तो कार्यभार. मुलुंडला महावितरणचे बिल येते, त्यात ‘स्थिर आकार’ असतो, तोही चार्जच. कोर्टात आरोपीवर ठेवतात तो दोषारोप, आणि विज्ञानाच्या पुस्तकात येतो तो विद्युतभार. पोलिसांचा लाठीमार निराळाच! मोबाईल मात्र आपण सरळ ‘चार्ज’ करतो. त्याला ‘भारित करा’ म्हटले तर घरची मंडळी हसतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही.

ही अडचण आपल्या एकट्याची नव्हे. जर्मन भाषांतरकारालाही दर वेळी शब्द बदलावा लागतो. पैशाचा चार्ज म्हणजे ‘गेब्यूर’, कोर्टातला ‘आंक्लागे’, हल्ल्याचा ‘आंग्रिफ’, विजेचा ‘लाडुंग’. गंमत अशी, की गाडीत भरलेल्या मालालाही जर्मन माणूस ‘लाडुंग’च म्हणतो. इंग्रजी शब्दाचे मूळही लॅटिनमधल्या गाडीच्या नावात आहे. माल लादणे हा त्याचा जुना अर्थ. तेव्हा कार्यभार, विद्युतभार यांतला आपला ‘भार’ उसना वाटत नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. त्याने शासनव्यवहाराचा, न्यायव्यवहाराचा असे कोश वेगवेगळे केले, हे फार शहाणपणाचे झाले. कागद कुठल्या खात्याचा हे कळल्याशिवाय शब्द ठरत नाही.

यात शेतकऱ्याचे हित कसे गुंतले आहे ते बघा. सोसायटीचे कर्ज काढले की जमिनीवर चार्ज बसतो, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद होते. बँकेच्या इंग्रजी पत्रातल्या या शब्दाचा अर्थ कोणी ‘आरोप’ सांगितला, तर बिचारा वकिलाकडे धावेल! इथे शब्द हवा ‘बोजा’, आणि तो चपखल आहे. मात्र गावात बोजा आणि गहाण एकच समजतात, तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दोन्ही वेगळे आहेत. गहाणात जमिनीतला काही हक्क सावकाराकडे किंवा बँकेकडे जातो. बोज्यात तो जात नाही, जमीन नुसती वसुलीला तारण राहते. म्हणून कर्ज घेताना कागदावर यांपैकी कोणता शब्द आहे ते विचारावे. कर्ज फिटल्यावर बेबाकीचा दाखला घ्यावा, आणि सातबाऱ्याचा नवा उतारा काढून बोजा उतरला की नाही ते स्वतः वाचून पाहावे.