कॅन्सर, स्वभाव आणि शोधनिबंधावरची सही

‘‘सगळं मनातच ठेवायची सवय तिला. त्यामुळेच झालं ना हे, डॉक्टर?’’

कॅन्सरचे निदान सांगितल्यानंतर हा प्रश्न आम्हा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा कधी नवरा असतो, कधी मुलगी, तर कधी रुग्ण स्वतःच. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण समोर बसलेला असतो, खिशात तंबाखूची पुडी असते आणि घरचे सांगत असतात, ‘‘टेन्शन फार घेतात हो हे.’’ आजाराने खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे येते: हा आजार मी माझ्या स्वभावाने ओढवून घेतला.

ही समजूत जुनी आहे. उदास प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनांचा कॅन्सर अधिक होतो, असे दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन यानेही म्हणून ठेवले होते. विसाव्या शतकात मात्र तिच्यावर विज्ञानाचा शिक्का बसला. तो कसा बसला आणि पुसायला किती वर्षे लागली, हे सामान्य वाचकानेही समजून घ्यावे असे आहे. कारण मानसशास्त्रातला शोधनिबंध प्रयोगशाळेत राहत नाही. तो वर्तमानपत्रात येतो, पुस्तकात येतो, मोबाइलवर फिरतो आणि शेवटी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन बसतो.

१२१ पट धोका!

हान्स आयसेंक हे विसाव्या शतकातील अत्यंत प्रभावी मानसशास्त्रज्ञ. १९१६मध्ये बर्लिनमध्ये जन्म, नंतर ब्रिटनमध्ये स्थायिक, लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री’मध्ये प्राध्यापक. अंतर्मुख-बहिर्मुख स्वभावाचे मोजमाप करणाऱ्या त्यांच्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या गेल्या. १९८०च्या दशकात त्यांनी रोनाल्ड ग्रोसार्थ-मॅटिचेक या संशोधकाबरोबर शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. युगोस्लाव्हियातील एक गाव आणि जर्मनीतील हायडेलबर्ग शहर येथील लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करून मिळवलेली माहिती, असा त्यांचा आधार होता.

त्यांचा दावा साधारण असा: भावना दाबून ठेवणारे, हतबल होणारे लोक कॅन्सरकडे झुकतात. सतत चिडचिड करणारे हृदयविकाराकडे झुकतात. स्वतःच्या पायावर उभे राहून निर्णय घेणारे निरोगी राहतात. ‘कॅन्सरप्रवण’ स्वभावाच्या माणसाला कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका निरोगी स्वभावाच्या माणसापेक्षा तब्बल १२१ पट दाखवला गेला. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण १५ ते ३० पट वाढतो, हे लक्षात घेतले की हा आकडा किती अचाट आहे ते कळते.

उपचाराचे दावे त्याहून चमत्कारिक होते. कॅन्सरप्रवण ठरवलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना मानसोपचार दिला. १३ वर्षांत उपचार न मिळालेल्या गटात १६ जण कॅन्सरने गेले आणि उपचार मिळालेल्या गटात एकही नाही, असे प्रसिद्ध झाले. एक छापील पत्रक वाचायला देऊन आणि थोडी चर्चा करूनसुद्धा मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटल्याचे सांगितले गेले. कॅन्सरवर असा परिणाम करणारे औषध वैद्यकाला आजही सापडलेले नाही.

शंका १९९२ची, कारवाई २०२०ची

शंका घेणारे त्याच काळात पुढे आले होते. अँथनी पेलोसी आणि लुई अ‍ॅपलबी या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या कामाची चिरफाड केली. माणसे कशी निवडली, गट कसे पाडले, मृत्यूचे कारण कसे ठरवले, याचे वर्णन अपुरे होते आणि निरनिराळ्या निबंधांत ते एकमेकांशी जुळतही नव्हते. आयसेंक यांनी आपल्या कामाचे समर्थन केले. १९९७मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रकरण थंडावले.

२०१९मध्ये पेलोसी यांनी पुन्हा सविस्तर लेख लिहिला. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने या दोघांच्या नावावरील २६ शोधनिबंध ‘असुरक्षित’ ठरवले, म्हणजे त्यांच्या निष्कर्षांवर विसंबता येणार नाही. २०२०मध्ये आयसेंक यांचे १४ शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले आणि ६०हून अधिक निबंधांवर ‘चिंतेची नोंद’ जोडली गेली. पहिल्या ठोस आक्षेपापासून २८ वर्षे गेली होती.

या प्रकरणाला तंबाखूचाही वास आहे. आयसेंक यांनी १९६०च्या दशकापासूनच धूम्रपान आणि कॅन्सर यांच्या थेट संबंधावर शंका घेतली होती. खरे कारण स्वभावात शोधावे, असा त्यांचा रोख होता. अमेरिकी तंबाखू कंपन्यांच्या वकिलांमार्फत चालणाऱ्या निधीतून त्यांना सुमारे ८ लाख पौंड मिळाल्याचे वृत्त १९९६मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. ग्रोसार्थ-मॅटिचेक यांच्या कामालाही या उद्योगाचा पैसा मिळाल्याचे नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसले. ‘दोष सिगारेटचा नाही, तुमच्या स्वभावाचा आहे’ हा निष्कर्ष कोणाच्या फायद्याचा, हे वेगळे सांगायला नको.

मग खरे काय? स्वीडन आणि फिनलंडमधील सुमारे ६० हजार लोकांची ३० वर्षांपर्यंत पाहणी करणारा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. स्वभाव मोजण्यासाठी त्यात आयसेंक यांच्याच प्रश्नावलीचे छोटे रूप वापरले होते. बहिर्मुखता किंवा भावनिक अस्थिरता आणि कॅन्सर होणे यांचा कार्यकारण संबंध त्यात दिसला नाही.

सही म्हणजे हमी

शोधनिबंधावर नाव घालणे म्हणजे नेमके काय, हा यातला पहिला धडा. ही माहिती आयसेंक यांनी स्वतः गोळा केलेली नव्हती. ती आधीपासून गोळा होत होती, ते नंतर सामील झाले. पण जगाने विश्वास ठेवला तो त्यांच्या नावावर. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे, याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा मित्राच्या बढतीला उपयोग होईल म्हणून नाव घालणे या अटींत बसत नाही. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंध लागतात, त्यामुळे हा मोह मोठा आहे. श्रेय घ्यायला पाच नावे आणि मूळ नोंदी मागितल्या की एकही नाही, अशी अवस्था होता कामा नये.

दुसरी जबाबदारी पैशाची. संशोधनाला पैसा कुठून आला, हे निबंधातच लिहायला हवे. उद्योगाचा पैसा घेतला म्हणून निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही. पण तो माहीत असला तर वाचणारा डॉक्टर अधिक सावधपणे वाचतो. लपवलेला पैसा वाचकाचा हा हक्क हिरावून घेतो.

तिसरी जबाबदारी आकड्यांची. उघड बनवाबनवी हा टोकाचा प्रकार झाला. त्याहून सर्रास घडणारा प्रकार साधा दिसतो. समजा, एखाद्या संशोधकाने एकाच माहितीवर वीस वेगवेगळ्या तुलना केल्या. प्रत्यक्षात कशातच फरक नसला, तरी प्रचलित कसोटीनुसार वीसपैकी सरासरी एक तुलना निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरते. तेवढीच एक छापली आणि एकोणीस कपाटात ठेवल्या, तर छापलेला प्रत्येक आकडा खरा असूनही निबंध दिशाभूल करतो.

हे किती पसरले आहे याचा अंदाज २०१५मध्ये आला. मानसशास्त्राच्या तीन नामवंत नियतकालिकांतील १०० अभ्यास वेगवेगळ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले आणि निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम होता; पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आढळला. बाकीचे सगळे खोटारडे होते, असा याचा अर्थ नाही. माणसांची संख्या कमी, योगायोगाचा भाग मोठा आणि ‘काही सापडले नाही’ असे निबंध छापायला कोणी उत्सुक नाही, ही त्यामागची कारणे. यावर उपायही मानसशास्त्रज्ञांनीच पुढे आणले: अभ्यास सुरू करण्यापूर्वी आपण काय मोजणार हे जाहीर नोंदवणे आणि ओळख पुसून मूळ माहिती इतरांना तपासायला खुली करणे. औषधांच्या चाचण्यांसाठी अशी नोंदणी आपल्या देशात २००७पासून उपलब्ध आहे आणि २००९पासून ती बंधनकारक आहे.

चौथी जबाबदारी ज्यांनी माहिती दिली त्यांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती, गोपनीयता आणि नीतिसमितीची मंजुरी यांबाबत स्पष्ट सूचना आहेत. मानसिक आरोग्यात त्यांना अधिकच महत्त्व आहे. निबंधात नाव टाळले, पण ‘अमुक तालुक्यातील ४२ वर्षांची, पतीने सोडलेली अंगणवाडी सेविका’ असे लिहिले, तर त्या तालुक्यात तिला ओळखायला कोणाला वेळ लागेल? आत्महत्येचा प्रयत्न, घरातील मारहाण, व्यसन हे तिने विश्वासाने सांगितलेले असते. संमतीच्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे या तपशिलांवर मालकी नव्हे.

पाचवी जबाबदारी छापून झाल्यानंतर सुरू होते. चूक प्रामाणिकपणेही होऊ शकते. ती कळल्यावर दुरुस्ती छापणे किंवा निबंध मागे घेणे यात कमीपणा नाही. आयसेंक प्रकरणात खरी हानी त्या २८ वर्षांत झाली. दरम्यान ते निष्कर्ष इतरांनी उद्धृत केले, पुस्तकांत गेले आणि पुस्तकांतून लोकांच्या बोलण्यात उतरले. निबंध मागे घेता येतो, समजूत मागे घेता येत नाही.

वाचकाने काय करावे?

‘या स्वभावाच्या लोकांना हा आजार होतो’ अशी बातमी दिसली, तर चार प्रश्न जरूर विचारावेत. किती लोकांवर अभ्यास झाला? दुसऱ्या कोणी तो पुन्हा करून पाहिला का? पैसा कोणाचा होता? आणि फायदा किंवा धोका अविश्वसनीय वाटावा इतका मोठा आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर बातमी पुढे पाठवण्याआधी थांबावे.

मन आणि शरीर यांचा संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. ताणाखाली असलेला माणूस तंबाखू, दारूकडे अधिक वळतो, झोप गमावतो, तपासणी पुढे ढकलतो. त्यातून शरीराचे नुकसान होतेच. कॅन्सरच्या रुग्णाला नैराश्य आले तर त्यावर उपचार व्हायलाच हवेत. त्याने जगणे सुसह्य होते, झोप आणि भूक सुधारते, उपचार पूर्ण करण्याचे बळ मिळते. तो उपचार रुग्णाचा हक्क आहे. ‘आनंदी राहिला असतास तर हे झालं नसतं’ हे वाक्य मात्र उपचार नाही, तो आरोप आहे.

कारण शोधायचे तर ते आपल्यासमोर आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. तो सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क सेवा आहे, आणि मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, स्तनातली गाठ यांसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे.

आणि घरात कोणाला कॅन्सरचे निदान झाले असेल, तर त्या व्यक्तीला एवढे नक्की सांगा: तू कमी हसलीस म्हणून, जास्त सोसलेस म्हणून हा आजार झालेला नाही. याच्या उलट सांगणारे जे निबंध एकेकाळी छापले गेले होते, त्यांतले कित्येक आता मागे घेतले गेले आहेत.