चेहरा नसलेली आई

हौदात पाणी चढत जातं, नाकाशी येतं, आणि माकडीण पिल्लाला पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहते. बिरबलाची ही गोष्ट मला लहानपणीही पटली नव्हती. पुढे माथेरानला एक माकडीण पाहिली. मेलेलं, वाळून चामडं झालेलं पिल्लू एका हाताने छातीशी धरून ती तीन पायांवर चालत होती. त्या दिवशी ती गोष्ट मनातून कायमची उतरली. गिनी देशातल्या बोसूच्या जंगलात जिमातो नावाच्या चिंपांझीच्या पिल्लाचं कलेवर त्याच्या आईने ६८ दिवस वागवल्याची नोंद आहे. आईच्या बाजूबद्दल मला शंका उरली नाही. पिल्लाच्या बाजूने ही गाठ कशी बसते, या प्रश्नाने मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही.

हॅरी हार्लोने माकडांच्या पिल्लांसाठी केलेली तारेची आई आणि टॉवेलची आई मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात भेटतातच. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं पिण्यापुरतीच तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ मऊ आईला बिलगून काढत. हे सगळं ज्यांच्या कामावर उभं राहिलं, त्या बाईंचं नाव फारसं कुणी घेत नाही. गर्ट्रूड व्हॅन वॅगेनेन येल विद्यापीठात ऱ्हीसस माकडं सांभाळत. नवजात पिल्लांना आईविना, बाटलीच्या दुधावर वाढवण्याची रीत त्यांची. विस्कॉन्सिनमध्ये हार्लोने ती उचलली तेव्हा प्रेमाचा अभ्यास त्याच्या डोक्यातही नव्हता. भारतातून येणारी माकडं सोबत क्षयरोग आणत, म्हणून त्याला निरोगी माकडं आपल्याकडेच पैदा करायची होती. जन्मानंतर ६ ते १२ तासांत पिल्लं आईपासून तोडली जात. ती जगली, अंगाने भरली. पण पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेले सुती लंगोट बदलायला कुणी काढू लागलं की घट्ट धरून आकांत करत.

१९५८ साली हार्लोने अमेरिकन मानसशास्त्रज्ञांपुढे जे अध्यक्षीय भाषण केलं, त्यातल्या एका परिच्छेदाशी मी दर वेळी थांबतो. पहिलं पिल्लू महिनाभर आधीच जन्मलं. लाकडी ठोकळा, त्यावर स्पंज, वर टॉवेल, मागे उबेसाठी दिवा, अशी आई तयार होती. चेहरा मात्र करायचा राहून गेला होता. मानेवर नुसता लाकडाचा गोळा. ते पिल्लू १८० दिवस या कोऱ्या आईजवळ वाढलं. मग त्याला रंगवलेल्या, नाकाडोळ्यांच्या दोन आया दिल्या. त्याने दोघींची डोकी अर्धा फेरा फिरवली आणि मागची गुळगुळीत बाजू पुढे आणली. माणसांनी ती सरळ केली की ते पुन्हा फिरवी. घाबरलेलं नव्हतं, बावरलेलंही नव्हतं. माणसांचा धीर संपेपर्यंत हे चालायचं. पिल्लाचा संपत नसे.

हार्लोने हे मोजक्या वाक्यांत उरकलं आहे. मला त्या भाषणातलं सर्वांत खरं तेवढंच वाटतं. आम्ही आईचं रूप आठवतो असं म्हणतो. या पिल्लाने रूप पुसून आपली आई परत मिळवली.

अशा प्रयोगांची किंमत पिल्लांनीच मोजली. खऱ्या आईविना आणि सवंगड्यांविना वाढलेल्या कित्येक माद्या पुढे स्वतःच्या पिल्लांना झिडकारत, मारत. आणि ती मार खाल्लेली पिल्लं पुन्हा पुन्हा त्यांच्याच पोटाशी जायची धडपड करत. हे वाचताना पुस्तक मिटावंसं वाटतं.

ऱ्हीससवरून साऱ्या माकडांबद्दल बोलायची घाई मात्र ब्रुकलिनमधल्या कामाने उघडी पाडली. १९६०च्या दशकात रोझेनब्लम आणि कॉफमन यांनी दोन जातींच्या पिल्लांना कळपात ठेवून फक्त त्यांची आई बाजूला काढली. पिगटेल जातीची पिल्लं मान खाली घालून, अंगाचं मुटकुळं करून बसली. त्यांना सहसा कुणी जवळ घेतलं नाही. बॉनेट जातीच्या पिल्लांना इतर माद्यांनी कुशीत ओढलं. ती फारशी खचली नाहीत.

बॉनेट म्हणजे आपलंच, डोक्यावर केसांची टोपी असलेलं, माथेरान-महाबळेश्वरचं माकड. परवाच्या पावसात एका टपरीच्या पत्र्याखाली सहा-सात माद्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. मधे एक सुरकुतलेलं गुलाबी तोंड. आधी एकीच्या पोटाशी, मग दुसरीच्या. बऱ्याच वेळाने कडेच्या मादीने हात लांबवला, मागचा पाय पकडला आणि पिल्लू आपल्याकडे ओढून घेतलं.